आठवणीची जबाबदारी, थट्टेचा हक्क



स्मृतिव्याख्यान म्हणजे गेलेल्या माणसांचे ऋण जाहीरपणे मानण्याची जागा. मी आज चार माणसांचे ऋण मानून सुरुवात करतो. वि. वि. करमरकर मार्च २०२३मध्ये गेले. त्याच वर्षी जुलैत शिरीष कणेकर गेले. फेब्रुवारी २०२५मध्ये द्वारकानाथ संझगिरी गेले आणि त्यानंतर महिन्याभरात पद्माकर शिवलकर. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये खेळाला हक्काचे पान मिळवून दिले आणि त्या पानावर क्रिकेटच्या पंगतीत कबड्डी आणि खो-खोला मानाने बसवले. कणेकर रंगमंचावर एकटे उभे राहत आणि ‘फटकेबाजी’तून क्रिकेटवाल्यांचे किस्से सांगून अख्खे सभागृह हसवत. संझगिरी मुंबई महापालिकेत अभियंता होते. संदीप पाटील यांच्या संपादनाखाली निघणाऱ्या ‘एकच षटकार’मधून आणि पुढे असंख्य लेखांमधून त्यांनी क्रिकेटची गोष्ट मराठी घरात आणून सोडली. शिवलकर तर स्वतःच गोष्टीचे नायक. त्यांच्याकडे मी थोड्या वेळाने येणार आहे.

या माणसांनी आपल्याला खेळाच्या आठवणी काढायला शिकवले आणि त्या हसत हसत काढायला शिकवले. आता त्यांच्यामागे हे काम कोणा एका लेखकाकडे राहिलेले नाही. ते प्रेक्षकांनी स्वतःकडे घेतले आहे. सकाळच्या डहाणू-चर्चगेट लोकलमध्ये बसलेला नोकरदार जुन्या सामन्याची चित्रफीत शाळेतल्या मित्राला पाठवतो. सुरतेला गेलेला मित्र त्यावर एक कोटी करतो, अमेरिकेतला तिसरा तिला उत्तर देतो आणि बोरिवली येईपर्यंत चाळीस वर्षांपूर्वीचा सामना पुन्हा एकदा खेळून होतो. मला या गप्पा फार मोलाच्या वाटतात. त्यांच्याविषयी मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. आवडत्या खेळाडूची थट्टा करण्याचा हक्क त्याच्याच प्रेक्षकाला असतो, पण तो हक्क पूर्ण आठवण ठेवून कमवावा लागतो. आठवण अर्धी राहिली की थट्टेची टवाळी होते.

आधी निकोप थट्टा कशी असते ते पाहू. ७ जून १९७५. पहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस, मैदान लॉर्ड्स. इंग्लंडने ६० षटकांत ४ बाद ३३४ धावा केल्या. उत्तरात सुनील गावसकर सलामीला आले आणि पूर्ण ६० षटके खेळून नाबाद ३६ धावांवर परतले. चेंडू होते १७४. या खेळीवर मराठी माणसाने जितके विनोद केले असतील तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या खेळीवर केले असतील. वैतरणेच्या पुलाआधी गाडी थांबून राहिली आणि डब्यात कोणी म्हणाले, ‘मोटरमन गावसकर दिसतोय, लॉर्ड्सवरचा,’ तर पन्नाशीपुढचे सगळे हसतात. हा विनोद गावसकरांना लागत नाही. कारण तो करणाऱ्याला १९७१मधल्या वेस्ट इंडिज दौऱ्यातल्या चार कसोटींतल्या ७७४ धावाही पाठ असतात आणि १९७९मध्ये ओव्हलवर चौथ्या डावात काढलेल्या २२१ धावाही. त्या २२१च्या जोरावरच तो ३६ धावांना हसतो. बंगळूरला १९८१-८२च्या रणजी उपांत्य सामन्यात रघुराम भट यांच्या फिरकीपुढे गावसकर चक्क डावखुरे होऊन खेळले. ती निषेधाची खेळी होती की डावपेचाची, यावर आजही वाद होतो. हा वाद मिटावा असे कोणालाच वाटत नाही. मिटला तर पुढच्या भेटीत बोलायचे काय?

दुसरे उदाहरण १९९१च्या रणजी अंतिम सामन्याचे. मे महिना, वानखेडे स्टेडियम, समोर कपिल देवचा हरियाणा. मुंबईला जिंकायला ३५५ धावा हव्या होत्या. अठरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरने ९६ धावा केल्या. दिलीप वेंगसरकर नाबाद १३९ धावांवर उभे होते. शेवटचा गडी आबे कुरुविला धावबाद झाला आणि मुंबई दोन धावांनी हरली. वेंगसरकर मैदानावरच रडले. ज्या संघाने १९५८-५९पासून १९७२-७३पर्यंत ओळीने पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला, त्याच्या चाहत्यांच्या तोंडी आजही या हरलेल्या सामन्याचे नाव जास्त येते. जिंकलेल्या अंतिम सामन्यांपैकी दहा सांगा म्हटले तर आपण अडखळतो. त्या दोन धावा मात्र प्रत्येकाने आपापल्या हिशेबाने कोणाच्या तरी नावावर मांडलेल्या आहेत. कोणी क्षेत्ररक्षणात शोधतो, कोणी पंचांच्या बोटात, कोणी आपण त्या दिवशी वानखेडेवर गेलो नाही यात.

हरलेला सामना असा का जपला जातो? जिंकल्यावर निकालच सगळे बोलून टाकतो, बोलायला फारसे उरत नाही. हरल्यावर ‘असे झाले असते तर’ची दारे उघडतात आणि त्या दारांतून मित्र जन्मभर एकमेकांकडे ये-जा करत राहतात. पराभव एकट्याने सोसवत नाही म्हणून माणसे तो वाटून घेतात. वाटून घेताना तो हलका होतो आणि काही वर्षांनी त्यावर हसता येते. पण पूर्ण आठवण म्हणजे समोरच्याचीही आठवण. त्याच सामन्यात हरियाणाच्या पहिल्या डावात दीपक शर्मा १९९ धावांवर बाद झाले होते. दोन धावांचे दुःख आपण तीस वर्षे सांगत आलो. एका धावेने द्विशतक हुकलेल्या त्या माणसाचे नावही त्याच दमात घेतले पाहिजे.

मुंबईच्या चाहत्यांना हसवणारा आणखी एक आकडा आहे, ५ बाद ०. जानेवारी २००७मध्ये बडोद्याविरुद्धच्या रणजी उपांत्य सामन्यात मुंबईच्या दुसऱ्या डावातले पाच फलंदाज धावफलकावर एकही धाव लागलेली नसताना परतले. मुंबईने तो सामना जिंकला आणि पुढे करंडकही. त्या संघाचा कर्णधार होता अमोल मुझुमदार. हेही नाव लक्षात ठेवा.

आपण सीमेवरची माणसे आहोत. डहाणू-तलासरीत एका आळीत मराठी आणि गुजराती घरे भिंतीला भिंत लावून राहतात, आणि खूप घरांत दोन्ही भाषा बोलल्या जातात. जानेवारी २०१७मध्ये इंदूरला रणजीचा अंतिम सामना मुंबई आणि गुजरात यांच्यात झाला. गुजरातपुढे ३१२ धावांचे लक्ष्य होते. रणजीच्या अंतिम सामन्यात तोवर कोणीही एवढ्या धावांचा पाठलाग यशस्वी केलेला नव्हता. पार्थिव पटेलने १४३ धावा केल्या आणि गुजरातने आपला पहिला रणजी करंडक उचलला. याआधीचा त्यांचा अंतिम सामना १९५०-५१चा होता. शेजाऱ्याने इतकी वर्षे आपल्या विजयाचे पेढे खाल्ले असतील तर त्याच्या विजयाचे पेढे आपणही मोकळ्या मनाने खाल्ले पाहिजेत, आणि सोबत चार टोमणेही. शेजारधर्मात टोमण्यांना जागा असते, कारण उद्या सकाळी पाण्याच्या वेळेला पुन्हा समोरासमोर यायचे असते. तोंडओळख नसलेल्या माणसाला हातातल्या फोनवरून मारलेल्या टोमण्याला असा उद्या नसतो. त्याची धार वेगळी असते.

ती धार आपल्या जिल्ह्यातल्या एका मुलाने सोसली आहे.

शार्दूल ठाकूर पालघरजवळच्या माहीम गावचा, जन्म १६ ऑक्टोबर १९९१चा. डहाणूहून चर्चगेटला थेट लोकल सुरू झाली ती एप्रिल २०१३मध्ये. शार्दूल शाळेत होता तेव्हा शटल, पॅसेंजर आणि विरारला गाडी बदलणे हाच मार्ग होता. खांद्यावर क्रिकेटची बॅग घेऊन त्या गर्दीत शिरणे म्हणजे काय, हे या सभागृहातल्या निम्म्या लोकांना सांगावे लागणार नाही. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याचा खेळ पाहिला आणि रोजच्या प्रवासात मुलगा झिजेल हे ओळखून त्याला बोरिवलीला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. शालेय सामन्यात त्याने एका षटकात सहा षटकार मारले. मुंबईच्या रणजी संघाचे दार त्याने असे, एकेक स्टेशन मागे टाकत, गाठले.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोलंबोत तो भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला. अंगावरच्या जर्सीवर क्रमांक होता १०. तो क्रमांक तेंडुलकरांचा. देशभरातले चाहते त्याच्यावर तुटून पडले. ही जर्सी घालायची तुझी लायकी आहे का, इथपासून शेरे सुरू झाले. आपल्या जन्मतारखेच्या अंकांच्या बेरजेवरून तो क्रमांक घेतल्याचे त्याने सांगितले, पण ऐकायला कोणी थांबले नाही. पुढे त्याने ५४ क्रमांक घेतला आणि क्रिकेट मंडळाने १० क्रमांक अनौपचारिकरीत्या बाजूला ठेवला.

त्या चाहत्यांचे तेंडुलकरांवर प्रेम होते, यात शंका नाही. पण त्यांच्या आठवणीत कीर्तीच्या शिखरावरचा तेंडुलकर होता, क्रिकेटची बॅग घेऊन मैदानामागून मैदान गाठणारा शाळकरी सचिन नव्हता. तो त्यांना आठवला असता तर पालघरहून तशीच बॅग घेऊन निघालेल्या मुलाला त्यांनी जवळ केले असते. भूतकाळावरचे प्रेम वर्तमानातल्या माणसाला मारायला वापरले की ते प्रेमही नासते आणि भूतकाळही. पालघरच्या मुलाला दिलेली ती वागणूक मला आजही बोचते.

पुढचे वर्ष वेगळे उजाडले. २०१८मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा संपवून शार्दूल परतला आणि अंधेरीला पालघरकडे जाणाऱ्या गाडीत चढला. डब्यातली माणसे त्याच्याकडे बघत राहिली. हा तोच का, म्हणून कॉलेजच्या मुलांनी फोनवर त्याचा फोटो शोधला आणि खात्री पटल्यावर सेल्फी घेतले. ज्या फोनवर सहा महिन्यांपूर्वी शेरे उमटले होते तसाच तो फोन. फरक इतकाच की माणूस आता समोरच्या बाकावर बसलेला होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरात हैदराबादला त्याचे कसोटी पदार्पण झाले. दहा चेंडू टाकून जांघेच्या दुखापतीमुळे तो बाहेर गेला. पुढची कसोटी मिळाली ती जानेवारी २०२१मध्ये ब्रिस्बेनला, तीही निम्मा संघ जायबंदी झाल्यामुळे. ऑस्ट्रेलियाच्या ३६९ धावांपुढे भारत ६ बाद १८६. शार्दूलने खाते उघडले तेच पॅट कमिन्सला षटकार मारून. वॉशिंग्टन सुंदरसोबत त्याने १२३ धावांची भागी केली, स्वतः ६७ केल्या आणि सामन्यात सात बळी घेतले. विराट कोहलीने तेव्हा चक्क मराठीत लिहिले, ‘तुला परत मानला रे ठाकूर!’ ‘परत’ म्हणायचे कारण म्हणजे डिसेंबर २०१९मध्ये कटकला शार्दूलने सहा चेंडूंत नाबाद १७ धावा करून सामना जिंकून दिला, तेव्हाही कोहलीने असेच लिहिले होते. १९८८नंतर ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर कसोटी न हरलेला ऑस्ट्रेलिया त्या वेळी हरला.

याच काळात चाहत्यांनी त्याला ‘लॉर्ड’ म्हणायला सुरुवात केली. कल्पना गमतीची होती. १० क्रमांकाच्या जर्सीवरून ज्याला हिणवले, त्याला आता लोकांनी हसत हसत सरदारकी बहाल केली. सप्टेंबर २०२१मध्ये ओव्हलवर त्याने ३१ चेंडूंत अर्धशतक ठोकले, इंग्लंडमधल्या कसोटीतले तोवरचे सर्वांत वेगवान. याआधीचा विक्रम इयान बोथमचा होता. जानेवारी २०२२मध्ये जोहान्सबर्गला ६१ धावांत ७ बळी घेऊन त्याने दक्षिण आफ्रिकेत कोणत्याही भारतीयाने केलेली सर्वोत्तम कसोटी गोलंदाजी केली. ‘लॉर्ड’चे विनोद दर वेळी वाढत गेले. त्यांत अतिशयोक्ती भरपूर असते, पण ती आकड्यांच्या पायावर उभी असते. म्हणून ती निकोप आहे. मार्च २०२४मध्ये रणजीच्या उपांत्य सामन्यात मुंबई तमिळनाडूविरुद्ध ७ बाद १०६ अशी कोलमडली असताना त्याने १०९ धावा काढल्या, तेव्हा ते त्याचे प्रथमश्रेणीतले पहिले शतक होते. आठवड्याभरात विदर्भाविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावात ७५ धावा काढून त्याने मुंबईला सावरले आणि मुंबईने बेचाळिसावा करंडक जिंकला. २०२५-२६च्या हंगामासाठी मुंबईचे कर्णधारपद याच मुलाकडे आले.

आता एक कठीण उदाहरण. डिसेंबर २०२४मध्ये शिवाजी पार्कवर तेंडुलकर आणि कांबळी यांचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाचे अनावरण झाले. व्यासपीठावर विनोद कांबळी होते, प्रकृतीने खचलेले. तेंडुलकर त्यांना भेटायला पुढे गेले त्या क्षणांची चित्रफीत हातोहात फिरली. पुष्कळांचे डोळे ओले झाले, पण काहींनी त्यावर विनोदही केले. त्याआधी अनेक वर्षे कांबळींची एकच फीत फिरत असे, १३ मार्च १९९६च्या, ईडन गार्डन्सवरच्या विश्वचषक उपांत्य सामन्यातली. प्रेक्षकांच्या गोंधळामुळे सामना श्रीलंकेला बहाल झाला आणि कांबळी रडत बाहेर आले. रडणारा कांबळी आणि खचलेला कांबळी, एवढेच ज्याला ठाऊक आहे त्याने त्यांच्यावर विनोद करू नये. इंग्लंडविरुद्ध २२४ आणि लगेच झिम्बाब्वेविरुद्ध २२७, अशी १९९३मधली लागोपाठची द्विशतके ज्याला ठाऊक आहेत, १७ कसोटींतली ५४ची सरासरी ज्याला ठाऊक आहे, तो विनोद करणारच नाही. आणि केलाच, तर कांबळींनाही सोबत हसता येईल असा करेल.

फितीला मागचा-पुढचा संदर्भ नसतो. तो पाहणाऱ्याने पुरवायचा असतो. कणेकर आणि संझगिरी नेमके हेच करत. एका प्रसंगावर हसवून झाले की ते त्या माणसाची सबंध कारकीर्द आपल्यासमोर मांडत. हसू ओसरल्यावर मागे आदर उरत असे.

धावफलक सर्वांना न्याय देत नाही, हे आता शिवलकरांच्या गोष्टीतून सांगतो. १९७२-७३चा रणजी अंतिम सामना मद्रासच्या चेपॉकवर, तमिळनाडूविरुद्ध. खेळपट्टी फिरकीची, आणि यजमानांकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार. मुंबईच्या १५१ आणि ११३ धावा. शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ बळी घेतले. तमिळनाडू ८० आणि ६१. तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला. हा गोलंदाज प्रथमश्रेणीत ५८९ बळी घेऊन एकही कसोटी खेळला नाही, कारण त्याचा काळ त्याच्यासारख्याच डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा, बिशनसिंग बेदींचा काळ होता. गावसकरांप्रमाणे शिवलकरांनीही मराठी गाणे ध्वनिमुद्रित केले होते. त्यामुळे क्रिकेट न समजणाऱ्या घरांतही त्यांचा आवाज पोचला. कसोटीच्या नोंदवहीत जे नाव नाही ते मराठी प्रेक्षकाने पन्नास वर्षे जिभेवर ठेवले.

अमोल मुझुमदारचेही तसेच. फेब्रुवारी १९८८मध्ये हॅरिस शील्डच्या शालेय सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागी केली. तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा म्हणजे अमोल. त्या प्रतीक्षेवर आपण किती विनोद केले! नंतर ती प्रतीक्षा लांबतच गेली. रणजी पदार्पणात २६०, प्रथमश्रेणीत ११,१६७ धावा, पण भारतीय संघाची टोपी नाही. मग २ नोव्हेंबर २०२५ची रात्र आली. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, आणि त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. ज्या चाहत्यांनी पॅड बांधून बसलेला तो मुलगा इतकी वर्षे आठवणीत ठेवला होता, त्यांचा त्या रात्रीचा आनंद दुप्पट होता. जुन्या आठवणी काढणाऱ्यांना नव्याचे सुख नसते, असे कोणी म्हणाले तर त्याला ही रात्र सांगा.

आता आपल्या गावाकडे येतो. भात कापून झाले की शेतांची मैदाने होतात. टेनिसच्या चेंडूवर पाच-सहा षटकांचे सामने रंगतात, एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली माइक लागतो आणि मराठी, गुजराती, वारली अशी सरमिसळ भाषा बोलणारा समालोचक प्रत्येक फलंदाजाला नवे नाव बहाल करतो. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकत वाढलेल्या पिढीची ही नातवंडे आहेत. पाच चेंडूंत सामना फिरवणारा मांगेला तरुण असतो, चेंडू चिकूच्या वाडीत घालवणारा वारली मुलगा असतो. त्यांचा षटकार दर वर्षी चार पावले लांब जातो, आणि जाऊ द्यावा. पण त्यांचे नाव, वर्ष, मैदान, समोरचा संघ हे कुठेच लिहिलेले नसते. शिवलकरांना निदान रणजीची नोंदवही होती. यांना तुमच्या आठवणीखेरीज काहीही नाही. आठवणारी माणसे एकेक करून जात आहेत.

म्हणून माझी तुम्हाला तीन कामांची विनंती आहे. पहिले, जुनी फीत किंवा फोटो पुढे पाठवाल तेव्हा खाली वर्ष, मैदान आणि त्यात दिसणाऱ्या माणसाची एक चांगली खेळी लिहा. दोन ओळी पुरतील. दुसरे, एखाद्या खेळाडूवर विनोद करण्याआधी तो समोरच्या बाकावर बसला आहे असे समजा. आपल्या जिल्ह्यात तो खरोखरच बसलेला असू शकतो. तिसरे, इथल्या वाचनालयाने एक वही सुरू करावी. आगर, नरपड, डहाणूपासून तलासरीपर्यंतच्या मैदानांवर कोण खेळले, कोण जिंकले, कोण हरले आणि त्यावर काय काय हसलो, हे साठीपुढच्या प्रत्येक खेळाडूला आणि प्रेक्षकाला विचारून त्यात लिहावे. बायका-मुलींच्या कबड्डी आणि खो-खोच्या सामन्यांची पाने आधी भरावीत, कारण त्या आठवणी सर्वांत कमी विचारल्या गेल्या आहेत. करमरकरांनी वर्तमानपत्रात जे केले, ते आपल्याला एका गावाच्या वहीत करता येईल. वही भरत गेली की पुढच्या पिढीला आपल्या माणसांवर हसण्याचा पूर्ण हक्क मिळेल, आणि त्यांचा अभिमान बाळगण्याचाही.